हुरहूर डिसेंबरात नाही, सप्टेंबरात का लागते?

वर्षातला सगळ्यात लहान दिवस डिसेंबरमध्ये येतो, बरोबर? मग उदास व्हायचंच असेल तर माणसानं तेव्हा व्हावं. पण बहुतेकांना हुरहूर लागते ती सप्टेंबर संपता संपता, आणि तेव्हा तर हवा अगदी मस्त असते, ना धड गरम ना गार, आभाळ स्वच्छ, फळं पिकलेली, तक्रार करायला काही जागाच नाही, आणि तरी संध्याकाळ झाली की आत कुठेतरी हलल्यासारखं होतं. (मी उत्तर गोलार्धाचं बोलतेय, दक्षिणेत हेच सगळं मार्चमध्ये.)

मला वाटतं आपल्याला अंधार तेवढा जाणवत नाही, जेवढा उजेड जायचा वेग जाणवतो. पृथ्वी साधारण 23.4 अंश कललेली आहे, त्यामुळे दिवस लहानमोठे होतात, हे शाळेत शिकलोय आपण. पण ते एकाच स्पीडनं होत नाहीत हे लक्षात राहत नाही. 22-23 सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात आणि नेमके त्याच सुमाराला दिवस सगळ्यात भराभर आखडतात. 50 अक्षांशावर रोज पावणेचार मिनिटांच्या आसपास, म्हणजे आठवड्याला जवळजवळ अर्धा तास गेला! 60 अक्षांशावर तर रोज साडेपाच मिनिटं. डिसेंबरमध्ये 21-22 तारखेच्या आसपास हाच फरक काही सेकंदांवर येतो, तोवर आपण स्वेटर घालून बसलेलो असतो, सवय झालेली असते. सरावलेल्या अंधाराचं काही वाटत नाही, डोळ्यांदेखत निसटणाऱ्या उजेडाचं वाटतं.

आता पानं. पान पिवळं पडलं की झाड मरतंय असं आपल्याला उगीचच वाटतं, कविलोकांनी ते फारच मनावर घेतलंय. खरं तर झाड आवराआवर करत असतं. हिरवं क्लोरोफिल मोडतं, पानातला नायट्रोजन, फॉस्फरस वगैरे जेवढं परत घेता येईल तेवढं फांदीत ओढून घेतं, आणि मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो, तिथून पान सुटतं. पिवळा रंग तर उन्हाळाभर पानातच होता, हिरव्याखाली झाकलेला. लाल मात्र बहुतेक वेळा नव्याने बनवला जातो, जायच्या तोंडावर. हा खर्च झाड का करतं यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आणि पुढच्या वसंतातल्या पानांच्या कळ्या? त्या उन्हाळ्यातच तयार होऊन फांदीवर बसलेल्या असतात, आपण वर बघतच नाही, आपलं लक्ष खाली पडलेल्या पानांवर.

तर मग हे गोड वाटतंय की कडू? बरेच मानसशास्त्रज्ञ म्हणायचे की आनंद आणि दुःख ही एकाच पट्टीची दोन टोकं, एका वेळी एकीकडेच असता येतं. 2001 मध्ये जेफ लार्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पदवी घेणाऱ्या, हॉस्टेल सोडणाऱ्या मुलांना विचारलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी सांगितलं की आम्ही खूश आहोत आणि वाईटही वाटतंय, दोन्ही आत्ताच. इतर दिवशी असं सांगणारे कमी होते. म्हणजे ही सरमिसळ निरोपाच्या वेळेची आहे आणि शरद हा तर दीड-दोन महिने चालणारा निरोपच. 2008 च्या दुसऱ्या एका प्रयोगात, कॉलेजचे दिवस आता थोडेच उरलेत याची आठवण करून दिलेली मुलं त्या दिवसांत जास्त रमली, जास्त आनंदात राहिली. त्यामुळे ऑक्टोबरचं ऊन आपण जास्त जपून घेतो यात मला तरी नवल वाटत नाही, जूनमधल्या उन्हाकडे कोण बघतंय!

एक मात्र सांगते, कारण असं बोललं की काही जण सगळंच रोमँटिक करून टाकतात. दरवर्षी याच दिवसांत झोप अतोनात वाढते, गोड आणि पिष्टमय खाण्याची ओढ लागते, कशातच मन लागत नाही आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं, तर ती हुरहूर नव्हे. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये या ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं, त्यावर सकाळी 10,000 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर साधारण अर्धा तास बसायचा उपचारही आहे. तिथे कविता वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.