किती वाजता दुखायला लागलं?

श्रोतेहो, नमस्कार. मी लॅब टेक्निशियन. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात गेली वीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. छातीत दुखतंय म्हणून कोणी आलं की सुई हातात घेण्याआधी मी विचारते, किती वाजता सुरू झालं? उत्तरं येतात, 'वस्तीची एसटी आली तेव्हा.' 'भरती लागत होती.' एका आजींनी तर 'पेज उतरवली नि कळ आली' असं सांगितलं. मग एसटी, भरती आणि पेज घड्याळात बसवून कागदावर वेळ लिहायची, हे माझं काम. नातेवाईकांना वाटतं, बाई उगाच वेळ काढते. पण हार्ट अटॅक ओळखायच्या ट्रोपोनिन तपासणीचं अर्धं उत्तर रक्तात असतं आणि अर्धं या वेळेत.

ट्रोपोनिन हे स्नायूतलं प्रथिन. जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६०च्या दशकात ते शोधलं. त्याचे तीन भाग, सी, आय आणि टी. यांतले आय आणि टी हृदयात वेगळ्या घडणीचे असतात, म्हणून ते ओळखता येतात. पूर्वी सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम बघत असत, पण ते हातापायांच्या स्नायूंतूनही येतं. शिमग्यात चार दिवस पालखी नाचवलेल्या माणसाचं सीपीके वाढलं तर ते खांद्याचं की काळजाचं, कसं ठरवणार?

हृदयाची रक्तवाहिनी तुंबून पेशी मरायला लागल्या की ट्रोपोनिन रक्तात झिरपतं. तेही किती, तर लिटरमागे काही नॅनोग्रॅम, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढंसं शोधायचं कसं? पहिल्या पावसात रात्री कुर्ल्या धरायला गेला असाल तर लगेच कळेल. एकाने धरायचं, दुसऱ्याने बॅटरी मारायची. मशीनमध्ये दोन अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक वस्तूलाच चिकटणारी प्रथिनं, असतात. एक ट्रोपोनिनला पकडून ठेवते. दुसरी पलीकडच्या बाजूने येऊन चिकटते आणि तिच्या अंगावर उजेड देणारा रेणू बसवलेला असतो. मग सगळं धुऊन काढायचं. धरलेलं तेवढं राहतं, त्याचा उजेड मोजायचा. अँटिबॉडी वापरून रक्तातली सूक्ष्म वस्तू मोजण्याची वाट रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकात इन्शुलिनवर काम करताना पाडली. यॅलोबाईंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन त्याआधीच वारले होते, याची मला उगाचच हुरहूर वाटते.

लहान दवाखान्यांत मशीनऐवजी कार्ड असतं. युक्ती तीच, फक्त उजेडाच्या जागी लाल रेघ. मागे एक तांडेल आले. होडीतून उतरताना छाती भरून आली, घाम फुटला. पित्त समजून घरी आधी कोकमाचं आगळ पाण्यातून घेतलं, मग आले. कार्ड लावलं. एकच रेघ, तीही कंट्रोलची, म्हणजे कार्ड चालतंय एवढंच सांगणारी. मुलगा म्हणाला, 'चला बाबा, गॅसच होता.' मी कागद बघितला. दुखायला लागून जेमतेम पाऊण तास झाला होता. ट्रोपोनिन रक्तात दिसायला साधारण दोन-तीन तास जातात, साध्या कार्डावर त्याहून जास्त. डॉक्टरांनी तांडेलांना खाटेवरून उठूच दिलं नाही. काही तासांनी पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा दुसरी रेघ उमटली. त्याच रात्री अँब्युलन्स आंबा घाट चढून कोल्हापूरला गेली. नंतर मुलाने विचारलं, 'पहिलं कार्ड खराब होतं काय?' म्हटलं, कार्ड चांगलं होतं रे, आपणच त्याला लवकर विचारलं. आणि एक सांगते, ईसीजीतच अटॅक स्पष्ट दिसत असेल तर माझ्या कार्डासाठी कोणी थांबत नाही, थांबूही नये.

उलटंही होतं. डायलिसिसवरच्या एका काकांचा आकडा वाढलेला आला, घरात रडारड. तीन तासांनी पुन्हा तपासलं तर जवळपास तेवढाच. किडनीच्या जुन्या आजारात आकडा असा वरच राहू शकतो. ताज्या अटॅकमध्ये तो एका जागी बसत नाही, चढतो किंवा उतरतो.

शिवाय ट्रोपोनिन हृदयाला इजा झाली एवढंच सांगतं, कोणी केली ते सांगत नाही. आपल्याकडचा लाल विंचू चावला तरी हृदयाला इजा होते आणि आकडा वाढू शकतो, रक्तवाहिनीत गुठळी नसतानाही. या विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

रिपोर्ट घेऊन मुंबईला जाणाऱ्यांसाठी थोडं. ट्रोपोनिन आयचे आकडे कंपनीगणिक बदलतात, म्हणून इथला आकडा तिथल्या आकड्याशी ताडून बघू नका. एककही बघा. लिटरमागे १४ नॅनोग्रॅम आणि मिलिलिटरमागे ०.०१४ नॅनोग्रॅम एकच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. काही मशीनवर त्यांच्यामुळे ट्रोपोनिन खोटंच कमी दिसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता.

तांडेल आता दर तीन महिन्यांनी साखर तपासायला येतात. परवा हात पुढे करून स्वतःच म्हणाले, 'बाय, आज काय दुखत नाय. पण लिहून ठेव, सहा वाजून दहा मिनिटांनी उठलो.'