बायाए: अर्धं डोंगरात, अर्धं समुद्रात

नमस्कार. पुण्यात गरम पाण्याच्या झऱ्यांवर बोलायचं म्हटलं की लोक लगेच उन्हवरे, तुरळ-राजवाडी, पालीजवळचं उन्हेरे अशी नावं घेतात आणि पाठोपाठ कुणीतरी म्हणतंच, की खाली ज्वालामुखी आहे ना आपल्याकडे. नाहीये हो. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच थंड झालाय. कोकणात पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं, एवढंच. खाली खरंच जागृत ज्वालामुखी असला तर झऱ्यांचं आणि गावाचं काय होतं, ते बघायला इटलीत नेपल्सच्या पश्चिमेला जावं लागतं, बायाएला.

हा सगळा भाग म्हणजे कांपी फ्लेग्रेई नावाचं प्रचंड ज्वालामुखी विवर, त्याचा बराचसा भाग समुद्राखाली. काठावरच्या डोंगरउतारातून गरम पाणी निघायचं आणि नुसती गंधकाची वाफही निघायची. रोमन लोकांनी काय केलं, तर ती वाफ थेट खोल्यांमध्ये घेतली. सरपण नको, भट्टी नको, बसा आणि घाम काढा. सांधेदुखीवाले आले, मग त्यांच्या मागून पैसेवाले आले, मग बादशहाच आले. सीझरचा इथे बंगला होता, सम्राट हेड्रियन इसवी सन 138 मध्ये इथेच वारला, आणि तत्त्वज्ञ सेनेकाने तर एका पत्रात हे गाव म्हणजे दुर्गुणांचा अड्डा म्हणून नाक मुरडलंय. सम्राट नीरोने 59 साली आईला मारायला इथे बोलावून मुद्दाम मोडेल अशा बोटीत बसवलं, तो किस्सा तुम्हाला यूट्यूबवर मिळेल, मी त्यात वेळ घालवत नाही, कारण माझ्या मते बायाएची खरी गोष्ट जमिनीची आहे, माणसं तिथे येऊन जाऊन होती.

डोंगरावर आज जे उभं आहे त्यात एक घुमट आहे, त्याला 'मर्क्युरीचं मंदिर' म्हणतात. मंदिर वगैरे काही नाही, तो स्नानगृहाचा हॉल. नंतरच्या लोकांना एवढी मोठी गोल इमारत दिसली आणि त्यांनी देव बसवून टाकला (आपल्याकडेही हे होतं, उदाहरणं देत नाही, भांडणं होतील). साडेएकवीस मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, वर मधोमध उजेडाला भोक, आणि रोमच्या पँथिऑन या प्रसिद्ध घुमटाच्या मंदिराच्या शंभरेक वर्षं आधीचा. काँक्रीटमध्ये जी ज्वालामुखी राख लागते ती याच परिसरातली, शेजारच्या पोत्सुओलीवरूनच तिचं नाव पोझोलाना पडलं. म्हणजे पाणी तापवणारा ज्वालामुखी, आणि घुमटाचं मटेरियल पुरवणाराही तोच. आता आत जमिनीवर पाणी साचलंय आणि आवाज असा घुमतो की गाइड बोलायचा थांबतो.

आणि गाव बुडवलं तेही त्यानेच. खालचा मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, आणि तापलेलं पाणी-वायू यांचा दाब वाढला की जमीन तव्यावरच्या भाकरीसारखी फुगते, दाब गेला की बसते. भूकंपाचा एक धक्का आणि गाव गडप, असं झालेलं नाही, शतकानुशतकं हळूहळू किनारा खाली गेला आणि बंगले, रस्ते, माशांचे हौद, मोझेकच्या फरश्या पाण्यात गेल्या. याचा पुरावा पोत्सुओलीच्या जुन्या बाजारात उभाय, तीन संगमरवरी खांब, त्यांना पुरुषभर उंचीच्याही वर समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोकं. म्हणजे खांब उभ्या उभ्या समुद्रात गेले आणि उभ्या उभ्याच परत वर आले! 1830 साली चार्ल्स लायेलने आपल्या भूशास्त्राच्या पुस्तकात सुरुवातीलाच त्यांचं चित्र छापलं. 1538 मध्ये तर जमीन आधी वर आली आणि मग फुटलीच, काही दिवसांत मोंते नुओवो हा नवा डोंगर तयार झाला आणि त्रिपेर्गोले नावाचं झऱ्यांचंच एक गाव त्याच्याखाली गेलं.

बायाएच्या पाण्यात 1969 साली वादळानंतर पुतळे दिसले, ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस, त्याचा साथीदार वाइनची पखाल धरून उभा. सम्राट क्लॉडियसच्या काळातली मेजवानीचं दालनच होतं ते. मूळ पुतळे आता तिथल्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये आहेत, पाण्यात ठेवल्यात त्या प्रतिकृती. 2002 पासून तो भाग संरक्षित आहे, डायव्हिंग करता येतं, नाहीतर काचेच्या तळाची बोट असते, पण पाणी गढूळ असलं तर बोटीतून हिरवंगार सोडून काही दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मागून प्रश्न आलाय की मग ते बुडालेलं गाव परत वर येईल का. 1982 ते 84 मध्ये पोत्सुओलीची जमीन पावणेदोन मीटरच्या आसपास वर आली आणि हजारो लोकांना घरं सोडावी लागली. 2005 पासून पुन्हा वर येतेय, बंदरात पाणी कमी झालंय, 2024 च्या मे महिन्यात 4.4 रिश्टरचा धक्का बसला. अवशेष वर यायचे असतील तर वर राहणाऱ्यांना जावं लागेल, असा हा व्यवहार आहे, आणि तिथे लाखो लोक राहतात. पुढचा प्रश्न घ्या.