पिशवी आजीच्याच हातात

(पडद्यावर : जुन्या वाड्याचा लाकडी जिना. कठड्यावरून सरकत येणारा सुरकुतलेला हात.)

एकवीस पायऱ्या. उतरताना आजी त्या मनात मोजतात, कारण आठव्या पायरीची फळी जरा हलते. वय ७४. डाव्या हातात कापडी पिशवी, तिच्या बंदांचा मनगटाला एक वेढा. पुण्यातल्या शुक्रवार पेठेतल्या या वाड्यापासून महात्मा फुले मंडई चालत दहा मिनिटांवर. आजींना वीस लागतात. वाटेत ओळखीचे भेटतात, त्याला काय करणार!

घरात फोन आहे. सांगितलं की भाजी दारात येते. सून तेच म्हणते आणि अगदी मायेनं म्हणते, "आई, तुम्ही कशाला त्रास घेता? बसा ना." हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. मला आज या वाक्याबद्दलच बोलायचं आहे.

(पडद्यावर : मंडईचा अष्टकोनी मनोरा, खाली सकाळची गर्दी.)

मंडईची ही दगडी इमारत १८८६ सालची. लग्न होऊन पुण्यात आल्यापासून आजी इथेच भाजी घेतात. आज बाहेर बसलेल्या भाजीवालीपुढे त्या थांबल्या. मेथीची एक जुडी उचलली, देठ मोडून पाहिला, ठेवून दिली. दुसरी घेतली.

"वीसला जुडी, आजी."

"पस्तीसला दोन दे."

दोन जुड्यांचे ३५, पाव किलो गवारीचे ३०, अर्धा किलो टोमॅटोचे २०. आजींनी २०० रुपयांची नोट पुढे केली आणि भाजीवालीनं बोटांवर मोजायच्या आत म्हणाल्या, "एकशेपंधरा दे." त्या क्षणी मागून रिक्षा भोंगा वाजवत होती, पायाखाली कोबीची ओली पानं होती, पिशवी जड झाली होती आणि घरी लसूण आहे की संपलाय, हेही आठवायचं होतं. पाय, मनगट, तोल, हिशेब, आठवण, बोलणं. सगळं एकदम.

चालता चालता बोलणं आपल्याला सहज वाटतं. मेंदूला ते सहज नसतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली वृद्धांच्या निवासात राहणाऱ्यांची पाहणी केली. कुणी बोलायला लागलं की ज्यांचे पाय थांबायचे, त्यांच्यापैकी बहुतेक जण पुढच्या सहा महिन्यांत कधी ना कधी पडले. चाल आणि विचार यांचं नातं इतकं जवळचं आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. तो पोचवायचं काम रक्तवाहिन्यांचं. म्हणून रक्तदाब आणि साखर हे फक्त हृदयाचे प्रश्न नाहीत, ते आठवणींचेही आहेत. आठवणी साठवण्यात ज्याचा मोठा वाटा, तो मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग उतारवयात दरवर्षी थोडा थोडा आक्रसतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५५ ते ८० वयाची १२० माणसं होती. निम्म्यांनी आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालायचं, बाकीच्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम करायचे. वर्षभरानं दुसऱ्या गटात हा भाग साधारण १.४ टक्क्यांनी घटला होता. चालणाऱ्यांमध्ये तो २ टक्क्यांनी वाढला होता. साध्या चालण्यानं!

हे मला वेळेवर कळलं असतं तर, असं फार वाटतं. माझे आजोबा एकदा अंगणात घसरले. हाड मोडलं नव्हतं, पण आम्ही घाबरलो. पाणी हातात, जेवण पलंगावर, फिरणं बंद. चार महिन्यांत ते स्वतःहून उठेनासे झाले, आणि मग बोलणंही कमी झालं. आम्ही त्याला वय म्हणत राहिलो. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांचे स्नायू जवळजवळ १ किलोनं घटले, असं एका प्रयोगात दिसलं होतं. दहा दिवसांत! आजोबांना आम्ही चार महिने बसवून ठेवलं.

(पडद्यावर : स्वयंपाकघरात भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची.)

घरी एक गोष्ट करून बघा. अशा खुर्चीत बसा, हात छातीवर आडवे घ्या. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, मोजा. शेजारी कुणीतरी असू द्या. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात ७० ते ७४ वयाच्या स्त्रीनं किमान १० वेळा आणि पुरुषानं १२ वेळा उठावं, अशी अपेक्षा असते. पूर्वी आपण पाटावर जेवायला बसायचो, तेव्हा ही कसरत दिवसातून कितीदा तरी व्हायची.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगते, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे. गुडघे फार दुखत असतील, छातीत भरून येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि विचारशक्ती हळूहळू हरवत जाणारा आजार, असल्याचा अंदाज आहे, आणि स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानं टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. ती सगळी आवरली, तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतात. एकेका माणसाला ही हमी नव्हे, हेही खरं. त्या १४ कारणांत कमी ऐकू येणं आणि धूसर दिसणं आहे. आजी गेल्या वर्षापर्यंत भाव दोनदा विचारायच्या. आता कानात यंत्र आहे, मोतीबिंदू काढलाय. चष्म्याची लाज वाटत नाही तर कानातल्या यंत्राची का वाटावी?

(पडद्यावर : पुन्हा जिना. आता वर.)

अर्ध्यावर आजी थांबल्या, पिशवी उजव्या हातात घेतली. वरून नातू धावत आला.

"आजी, दे इकडे."

"राहू दे रे."

ओट्यावर मेथी, गवार, टोमॅटो. रिकामी पिशवी उलटी करून झटकली आणि आजी थबकल्या.

"कढीपत्ता राहिला."

"मी आणतो."

"तू चहा टाक."

त्यांनी पिशवी पुन्हा मनगटाला अडकवली, दारातल्या चपला पायात सरकवल्या. जिन्यातून आवाज येतोय. एक, दोन, तीन...