आयसीयूत रात्र व्हायला हवी

आयसीयूच्या दाराशी नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, रात्री झोप लागली का त्यांना?" आत चार्टवर लिहिलेलं असतं, 'पेशंट शांत'. मंडळी, शांत पडणं वेगळं आणि झोपणं वेगळं.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला प्रोपोफॉल किंवा मिडाझोलाम ही गुंगीची औषधं चालू असली की तो डोळे मिटून निपचित दिसतो. पण मेंदूचा आलेख काढला, तर गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही तुटपुंज्या निघतात. चोवीस तासांची बेरीज कधी सात-आठ तास भरतेही. पण ती तुकड्या-तुकड्यांत, त्यातली निम्मीशी दिवसा.

शरीराचं मुख्य घड्याळ मेंदूत असतं आणि ते उजेडावरून वेळ लावतं. आयसीयूत दिवसा पुरेसा उजेड नाही, रात्री धड अंधार नाही. नळीतून द्रव अन्नही बऱ्याचदा रात्रंदिवस चालू, म्हणजे जेवणाच्या वेळांची खूणही नाही. रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक मग बऱ्याचदा रात्री वाढतच नाही, विशेषतः सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागतात तेव्हा. असे आजोबा तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीबाही बोलायला लागतात, नळ्या ओढतात, लेकीलाही ओळखत नाहीत. या भ्रमाची कारणं अनेक. झोपमोड त्यातलं एक असावं, असं आम्ही मानतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, रात्री वॉर्डात 30 डेसिबलच्या वर आवाज नको. आयसीयूत 50-60 सर्रास असतो. पण सगळं खापर आवाजावर फोडता येत नाही. वेदना असतात, श्वासाची व्हेंटिलेटरशी लय जुळत नाही, आणि मूळ आजार असतोच.

आता पहाटेचे चार पाहा. दिवे लागतात. सिस्टर रक्त घेतात, कारण आठच्या राउंडला रिपोर्ट हवेत. मावशी स्पंजिंग करतात, म्हणजे अंग पुसतात, कारण शिफ्ट बदलायच्या आत ते उरकायचं असतं. मागोमाग पोर्टेबल एक्स-रेचं मशीन येतं. प्रत्येक कामाला कारण आहे, पण यातलं एकही कारण पेशंटचं नाही. सिस्टरांना बोल लावू नका. हे वेळापत्रक आम्हा डॉक्टरांच्या सोयीने ठरतं.

मेलाटोनिनची गोळी देऊन भागेल का? ऑस्ट्रेलियात साडेआठशेच्या आसपास पेशंटवर रोज रात्री 4 मिलिग्रॅम देऊन पाहिलं. 2022 साली निष्कर्ष आला, भ्रमाचं प्रमाण कमी झालं नाही. म्हणून मी आग्रह धरतो तो साध्या गोष्टींचा: स्पंजिंग रात्री नऊच्या आत, मॉनिटरच्या अलार्मच्या मर्यादा पेशंटप्रमाणे, कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी, दिवसा पडदे उघडे आणि जमेल त्याला खुर्चीत बसवणं.

तुम्ही भेटायला याल तेव्हा चष्मा आणि श्रवणयंत्र घेऊन या. आज वार कोणता, किती वाजले, बाहेर ऊन आहे की पाऊस, ते कानाशी सांगा. आणि आम्हाला बेधडक विचारा: आज पहाटेची कुठली तपासणी सकाळी उजाडल्यावर केली तर चालेल?