भूक लागण्याआधी थांबावं

मंडळी, गाडीने लांब निघालेल्या कुटुंबात दुपारी दोनच्या सुमाराला जे भांडण होतं, ते हॉटेलवरून होतं असं आपल्याला वाटतं. ते भुकेचं असतं. मागून कुणीतरी म्हणतं, "इथे थांबू या." चालवणारा म्हणतो, "पुढे चांगलं लागेल." पुढे काहीच लागत नाही, आणि मग जे पहिलं दार उघडं दिसेल त्यात सगळे घुसतात. प्रवासात माझं पोट जेव्हा जेव्हा बिघडलंय, तेव्हा जेवणाची वेळ टळून गेलेली होती. म्हणून पहिली गोष्ट सांगतो. हॉटेल निवडायचं ते पोट शांत असताना. तासभर आधीच शोधायला लागा.

या विषयावरची सल्लागिरी मोटारीइतकीच जुनी आहे. मिशेलिन बंधूंनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली आणि फुकट वाटली. फ्रान्समध्ये तेव्हा मोटारी होत्या जेमतेम तीन हजार! हे बंधू टायर बनवायचे. लोक जास्त फिरतील, टायर जास्त झिजतील, असा सरळ हिशोब. त्या पुस्तिकेत चांगल्या हॉटेलांना तारे आले ते १९२६ साली, आणि पुढे त्यांचे जे अर्थ ठरले तेही रस्त्याच्याच भाषेतले. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं ठिकाण, तीन तारे म्हणजे केवळ त्याच्यासाठी घरातून निघावं असं.

आपण आज बोलतोय ते बिनताऱ्यांच्या जागांबद्दल. चार टेबलं, गल्ल्यावर मालक, आतून भांड्यांचा आवाज. अशा जागांसाठीही फ्रान्समध्ये १९३४ साली 'ले रूतिए' नावाची मार्गदर्शिका निघाली, तीही ट्रकचालकांसाठी. "ट्रक उभे असतील तिथे जेवावं" हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. मी तो निम्माच मानतो. ट्रक उभा करायला जागा लागते, आणि कधीकधी चालक तेवढ्यासाठीच थांबलेला असतो. ट्रक मोजू नका, आत ताटं किती आहेत ते मोजा.

अमेरिकेत डंकन हाइन्स नावाचा एक फिरता विक्रेता होता. कामानिमित्त सतत रस्त्यावर. कुठे चांगलं जेवण मिळतं याची तो टिपणं ठेवायचा. १९३५च्या नाताळात शुभेच्छांबरोबर त्याने ती यादी मित्रांना पाठवली, आणि मागणी इतकी आली की पुढच्याच वर्षी त्याला पुस्तक काढावं लागलं. पुढे केकच्या तयार मिश्रणाच्या खोक्यावर त्याचं नाव झळकलं, ते सोडा. मला तो आवडतो तो भटारखान्याच्या स्वच्छतेकडे बघायचा म्हणून.

आता थोडं शास्त्र. पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात अन्नातले जंतू झपाट्याने वाढतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, पानात वाढेपर्यंत साठ अंशांच्या वर गरम ठेवावं. आपण काही खिशात तापमापक घेऊन हिंडत नाही. मग कळणार कसं? खपावरून. जिथे पातेलं चढतं आणि उतरताच रिकामं होतं, तिथे अन्नाला कोमट होऊन पडून राहायला सवडच मिळत नाही. म्हणून मला दहा ओळींचा मेनू दिसला की बरं वाटतं. दोनशे पदार्थ आणि तीन गिऱ्हाईकं असं गणित दिसलं, की मी पाणी पिऊन उठतो. बाटलीबंद पाणी, अर्थात.

तुम्ही म्हणाल, मोबाईलवर तारे बघितले की झालं. बघा ना, मीही बघतो. पण सरासरी बघू नका, शेवटच्या महिन्यातलं वाचा. आचारी बदलला तर जुने हजार अभिप्राय काही शिजवून देत नाहीत.

आत गेल्यावर "इथे चांगलं काय मिळतं?" असं कधी विचारू नका. मालक काय म्हणणार, सगळंच चांगलं! "तुमच्याकडे लवकर काय संपतं?" असं विचारा. या प्रश्नाला खोटं उत्तर पटकन सुचत नाही. आणि चालवणाऱ्याने दोन घास कमी खावेत. दुपारी शरीर तसंही पेंगतं, त्यात भरलेलं पोट.

एका आडबाजूच्या खानावळीत मी हा प्रश्न विचारला, तेव्हा गल्ल्यावरच्या बाईंनी एका पदार्थाचं नाव घेतलं आणि लगेच म्हणाल्या, "पण आज संपला." उरलं होतं ते खाल्लं, छान होतं. चार दिवसांनी परतताना मुद्दाम वाट वाकडी करून गेलो, दीड तास आधी पोचलो. बाईंनी मला ओळखलं, हसल्या, आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं. पाटीवर त्या पदार्थाच्या नावावर नुकतीच खडूची रेघ मारलेली होती.