नाणेघाटाची वाट आणि वाटेवरची टाकी

(दृश्य: माळशेजकडे जाणारा रस्ता, वैशाखरे गावाजवळची शेतं. समोर सह्याद्रीची सलग भिंत आणि तिच्यात वर काढलेला नानाचा अंगठा.)

नाणेघाट बघायचा तर खालून बघावा. हल्ली जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी थेट माथ्यावर जाते. गाडी लावायची, कड्यावर उभं राहायचं, चार फोटो काढायचे, झाला नाणेघाट! वरून दिसणारा देखावा सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घाट म्हणजे चढण, आणि ही चढण तुडवल्याशिवाय तिच्या माथ्यावर एक राजघराणं आपलं नाव का कोरून गेलं, हे काही उमगत नाही.

म्हणून आपण ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातून, वैशाखऱ्याच्या बाजूने निघालो आहोत. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीतून उतरलं की समोर दिसतो तो नानाचा अंगठा, अंगठ्यासारखा वर आलेला कडा. वाट चुकण्याची भीती नाही, अंगठ्याच्या रोखाने चालत राहायचं.

सुरुवातीला वाट सपाटीची. शेताचे बांध, मग विरळ झाडी, एखादा ओढा. दिवाळीपर्यंत या ओढ्याला पाणी असतं, होळीला नुसते गोटे उरतात. पुढे झाडी दाट होते, वाट अंगावर येऊ लागते. चालणाऱ्याच्या दमावर आहे, पण दोन ते तीन तास धरून चालावं.

(दृश्य: चढावरची जुनी फरसबंदी, जवळून. झिजलेल्या दगडांवरून जाणारी पावलं.)

इथे जरा थांबा आणि पायाखाली बघा. हे दगड डोंगरातून घरंगळून आलेले नाहीत, ते बसवलेले आहेत. जागोजागी अशी फरसबंदी शिल्लक आहे. सोपारा आणि कल्याण ही सातवाहनकाळातली बंदरं. तिथे उतरलेला माल जुन्नरला आणि पुढे पैठणपर्यंत न्यायचा, तर सह्याद्री ओलांडायलाच हवा. ओझी लादलेल्या जनावरांना सरळसोट कडा चढता येत नाही. त्यांना पाय ठरेल अशी वाट लागते, आणि ठरावीक अंतरावर पाणी.

या पाण्याबद्दल फार कमी बोललं जातं. नाणेघाट म्हटलं की सगळे माथ्यावरच्या दगडी रांजणाबद्दल बोलतात. रांजण आहे मोठा, देखणा. जकातीची नाणी त्यात टाकत, असं प्रत्येक जण सांगतो. घाटातल्या लेण्यात कोरलेल्या मोठ्या शिलालेखात जकातीचा मात्र एक शब्दही नाही. आणि घाटाच्या तोंडाशी, लेण्याच्या आसपास जी पाण्याची टाकी खोदली आहेत, त्यांच्यावर कोरलेलं आजही वाचता येतं. त्यांच्याकडे लोक बाटली भरण्यापुरतं बघतात.

(दृश्य: कातळात खोदलेलं टाकं. कॅमेरा तोंडापासून हळूहळू आतल्या अंधारात.)

हे टाकं नीट बघू. बाहेरून तोंड लहान. आत वाकून बघितलं की खडक पोटात दूरवर कोरत नेलेला दिसतो. छत म्हणजे वरचा अखंड कातळ. पाण्यावर ऊन पडत नाही, वारा लागत नाही, त्यामुळे बाष्पीभवन कमी. टाकं मोठं असेल तर खोदतानाच मधे खांब राखतात, छत तोलायला. अशा टाक्यांना खांबटाकी म्हणतात. कातळावरून वाहणारं पावसाचं पाणी तोंडाशी यावं म्हणून कुठे कुठे वर बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या असतात. हात फिरवल्याशिवाय त्या लक्षातही येत नाहीत.

यात खडकाची पारख महत्त्वाची. सह्याद्रीचा हा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. काही थर घट्ट, काही सच्छिद्र, आणि मधेमधे लाल मातकट पट्टे. भेगाळलेल्या थरात टाकं खोदलं तर ते गळणार. घट्ट थरात खोदलं तर पाणी राहणार. दोन थरांच्या सांध्याशी खोदलं, तर पावसाळा संपल्यावरही झिरपा चालू राहू शकतो. भूगर्भशास्त्र हा शब्दही नव्हता तेव्हाच्या पाथरवटांना हे पक्कं ठाऊक होतं.

आणि पैसे कोणाचे? इथल्या एका टाक्यावरचा लेख सांगतो की ही ‘पोढी’, म्हणजे हे टाकं, सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान आहे. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, जिथून लोकल पकडून लोक कामाला जातात. तिथल्या माणसाने एवढ्या लांब, घाटाच्या माथ्यावर पाण्याची सोय करून दिली. जुन्नरच्या लेण्यांमध्ये तर इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या परदेशी माणसाने, दोन टाकी दिल्याचा लेख आहे. धर्मादाय तर खराच. पण या वाटेशी ज्यांचा संबंध होता, त्यांना इथे काय कमी पडतं हेही बरोबर कळलं होतं.

(दृश्य: घाटाच्या तोंडाजवळचं लेणं. आत तिन्ही बाजूंना दगडी बाक, भिंतींवर ब्राह्मी अक्षरं.)

घाटाच्या तोंडाशी हे लेणं. डाव्या आणि उजव्या भिंतीवर मोठा शिलालेख, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिचा. बरेचसे अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा मानतात. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना, म्हणजे दिशांच्या रक्षक देवांना वंदन. या चार लोकपालांत पाण्याचा देव वरुणही आहे. त्यानंतर यज्ञांची यादी. अश्वमेध, राजसूय आणि इतर बरेच. आणि प्रत्येक यज्ञात दक्षिणा काय दिली, त्याचा हिशेब: 1,700 गायी, 10 हत्ती, 24,400 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी.

हे आकडे जवळून बघण्यासारखे आहेत. इथे शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत नाणेघाटाचं नाव घेतलं जातं ते या हिशेबामुळे. 1828 च्या सुमारास विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेण्याची नोंद घेतली. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि जर्मन पंडित ब्यूलर यांनी लेख वाचून दाखवला.

मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, सातकर्णी, नागनिका, राजकुमार, एक महारठी म्हणजे मोठा सरदार. वर नावं कोरलेली, खाली मूर्ती. नावं आहेत. मूर्तींची फक्त पावलं उरली आहेत.

(दृश्य: खिंडीतल्या पायऱ्या चढून पठारावर. उघडं माळरान, मागे जीवधनचा किल्ला, बाजूला वानरलिंगीचा सुळका.)

खिंडीतून वर आलं की एकदम मोकळं पठार. पावसाळ्यात इथे उलटा धबधबा बघायला झुंबड उडते. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून वर उसळतो आणि खाली पडू पाहणारं पाणी परत वर फेकतो, एवढंच त्यामागचं कारण. बघावा जरूर. पण त्या दिवसांत खालची वाट शेवाळलेली, निसरडी असते आणि धुक्यात लेणं शोधावं लागतं. टाकी, फरसबंदी, अक्षरं हे सगळं निवांत बघायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी हाच काळ चांगला. आणि एक विनंती, टाक्यात उतरून पोहू नका. ते पिण्याचं पाणी आहे.

या घाटाच्या राखणीला जीवधन जवळच आहे. पुढे चावंड, हडसर आणि जुन्नरच्या डोक्यावर शिवनेरी. चावंडवर एका ओळीत कोरलेली सात टाकी आहेत, शिवनेरीवर गंगा-जमुना नावाची. किल्ला लढवायचा तर आधी टाकी भरलेली हवीत. तोफा नंतर.

मग ही वाट ओस का पडली? इंग्रजांच्या काळात बोरघाटातून 1830 मध्ये गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये तिथूनच रेल्वे घाटावर चढली आणि 1865 मध्ये थळघाटातून दुसरी. माल जिकडे चाकं जातात तिकडे गेला. नंतर शेजारच्या माळशेजमधून मोटारी धावू लागल्या. नाणेघाटाला उरली फक्त पायवाट. ती अजून चालण्याजोगी आहे, हे आपलं नशीब. आंबोलीहून उतरणारा दाऱ्या घाट – ही जुन्नरची आंबोली, सावंतवाडीची नव्हे – तसाच. या भागात कोकणात उतरणाऱ्या अशा वाटा अजून काही आहेत, पण माहितगार वाटाड्या घेतल्याशिवाय त्यांच्या नादी लागू नये.

(दृश्य: घाटघरच्या वाडीतलं अंगण, जमिनीवर वाळत घातलेला हिरडा. डोक्यावर हंडा घेतलेली बाई.)

पठारावरच्या वाड्यांमधून महादेव कोळी आणि ठाकर वस्ती आहे. पावसावरचं भात आणि रानातला हिरडा यांवर संसार. कोवळा बाळहिरडा अंगणात वाळत घातलेला असतो, सुकला की काळा, टणक. पावसाळ्यात इथे इतकं पाणी पडतं की घराबाहेर पडणं मुश्कील, आणि एप्रिल-मे महिन्यात हंडा घेऊन चालावं लागतं. कारण पाणी थांबत नाही. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब उल्हासच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला जातो. पूर्वेला पडलेला कुकडी नदीत उतरतो.

कुकडीचं उगमाकडचं खोरं याच परिसरात. ज्यांच्या पायांत अजून दम आहे, त्यांनी दुसऱ्या दिवशी नदीच्या कडेने पूर या गावापर्यंत जावं. तिथे कुकडेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, कोरीवकाम निवांत बघावं असं. पूर सोडलं की नदीचं पात्र संपून माणिकडोह धरणाचा फुगवटा सुरू होतो. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे, ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांच्या कालव्यांचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा इथपर्यंतच्या शेतांत जातं. कोणत्या तालुक्याला किती आवर्तनं, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या मिळायच्या, यावर दर उन्हाळ्यात भांडणं होतात.

पूरहून जुन्नरला जायला एसटी मिळते. वेळापत्रकावर फार भरवसा ठेवू नका, सकाळची गाडी धरा. जुन्नरला उतरल्यावर दुपार हाताशी असेल, तर तुळजा लेणी उरकून होतात. शिवनेरीला मात्र पूर्ण दिवस द्यावा.