व्हॉल्यूमचे बटण ॲम्पची ताकद सांगत नाही

नमस्कार. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या वेगवेगळ्या शब्दांत आला आहे की आज फक्त त्याच्यावरच बोलणार आहे. "आमच्या ॲम्पचे (ॲम्प्लिफायरचे) बटण निम्म्यावर आले की घर दणाणते, मित्राचे मात्र पाऊण फिरवावे लागते, म्हणजे आमचा ॲम्प जास्त वॅटचा, बरोबर ना?" बरोबर नाही.

प्राथमिक माहिती भराभर उरकतो. सीडी, टर्नटेबल, फोन यांपैकी कोणाचा सिग्नल पुढे जाईल आणि किती जाईल, हे प्रीॲम्प ठरवतो. स्पीकरचा कोन हलवण्याइतके व्होल्टेज आणि करंट पॉवर ॲम्प पुरवतो. टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, म्हणून तिला आधी फोनो स्टेज, म्हणजे तो बारीक सिग्नल वाढवणारा टप्पा, लागते. इंटिग्रेटेड ॲम्प म्हणजे प्री आणि पॉवर दोघेही एकाच डब्यात.

आता घोळ होतो तिथे येऊ. पॉवर ॲम्पची वाढ कायमची ठरलेली असते. समजा ती २० पट आहे: १ व्होल्ट आत गेला की २० व्होल्ट बाहेर येतात आणि ८ ओहमच्या स्पीकरवर त्याचे ५० वॅट होतात. व्हॉल्यूमचे बटण स्वतः काहीच वाढवत नाही. ते आलेल्या सिग्नलचा काही भाग अडवते आणि उरलेला पुढे सोडते. सीडी प्लेअर पूर्ण पातळीला साधारण २ व्होल्ट देतो. बटण मध्यावर असताना त्यातला सुमारे दहावा भाग, म्हणजे ०.२ व्होल्ट, पुढे जातो. प्रीॲम्प त्याला ५ पट करत असेल तर १ व्होल्ट होतो आणि ५० वॅटचा ॲम्प निम्म्यावरच टोकाला पोहोचतो. तीच वाढ २ पट असेल तर तेवढ्याच ५० वॅटसाठी बटण आणखी फिरवावे लागते. दोन्ही ॲम्प ५० वॅटचेच.

आकड्यांचा कंटाळा असेल तर गच्चीवरची टाकी आठवा. नळ किती फिरवल्यावर धार जोरात लागते, यावरून टाकीत पाणी किती आहे हे कोणी सांगत बसत नाही. तरीही पटले नाही, तर घरीच करून पाहा: त्याच ॲम्पला सीडी प्लेअर काढून फोन जोडा आणि तेच गाणे लावा. फोनचा सिग्नल सहसा लहान असल्यामुळे बटण पुढे न्यावे लागेल. तेवढ्याने तुमच्या ॲम्पचे वॅट कमी झाले का? आणि कृपा करून "अजून निम्मे बटण शिल्लक आहे" म्हणून ते फिरवत राहू नका. ॲम्प टोकाला गेल्यावर पुढे फक्त माथे छाटलेल्या लहरी निघतात आणि त्यांचा मार बहुधा ट्वीटरला, म्हणजे बारीक स्वरांच्या छोट्या स्पीकरला, बसतो.

प्री आणि पॉवर यांच्या मधली सीमा मला स्वतःला एका जुन्या इंटिग्रेटेड ॲम्पने दाखवली. चोरबाजारातून तो आणला तेव्हा दिवा लागत होता, पण आवाज नाही, साधी खरखरही नाही. एका दुरुस्तीवाल्याने "आउटपुट उडाले आहे" असे सांगून भला मोठा खर्च काढला. घरी आणून मागची बाजू पुसली, तेव्हा 'प्री आउट' (प्रीॲम्पमधून बाहेर) आणि 'मेन इन' (पॉवर ॲम्पमध्ये आत) अशा चार रिकाम्या सॉकेटांकडे लक्ष गेले. त्यांना सांधणाऱ्या यू आकाराच्या दोन धातूच्या पिना कोणीतरी हरवल्या होत्या. एक जुनी आरसीए केबल, डाव्याला डावे आणि उजव्याला उजवे अशी लावली आणि ॲम्प बोलू लागला. ती लावताना ॲम्पचा विजेचा प्लग काढून ठेवला होता, हे आवर्जून सांगतो.

तुमच्याकडे दोन वेगळे डबे असतील तर चालू करताना आधी प्रीॲम्प, मग पॉवर ॲम्प; बंद करताना आधी पॉवर ॲम्प. क्रम चुकला तर प्रीॲम्प चालू-बंद होतानाचा "धप्प" २० पट होऊन स्पीकरमध्ये शिरतो.